दोनशे चौदा लेकरं आणि गोजाबाई

१९७६ च्या ऑगस्टमध्ये मी सोलापुरात डॉ. गाजूलबाईंच्या हाताखाली कारकून म्हणून लागलो. माझं नाव भीमाशंकर बिराजदार. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझं अक्षर मोत्यासारखं आहे असं सगळे म्हणत. बाईंनी मला घेतलं ते त्या अक्षरावर. नंतर कळलं की आमच्या कामात अक्षराचा उपयोग फारसा नव्हता.

काम पोलिओचं होतं. तोंडात थेंब टाकून द्यायची लस तोवर आली होती, पण इथल्या मुलांना ती किती लागू पडते हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. परदेशात तीन डोस पुरतात असं छापून आलेलं होतं. बाई म्हणायच्या, "तिथली मुलं वेगळी, तिथलं पाणी वेगळं. आपल्या मुलांच्या पोटात इतर जंतूंची एवढी गर्दी असते की लशीला बसायला जागा मिळते की नाही ते बघायला हवं." म्हणून पूर्व भागातल्या विणकर गल्ल्यांमधून दोन वर्षांच्या आतली दोनशे चौदा मुलं निवडली होती. आधी प्रत्येकाची टाच टोचून थोडं रक्त घ्यायचं, मग महिना-दीड महिन्याच्या अंतराने तीन डोस द्यायचे आणि शेवटी पुन्हा रक्त घ्यायचं. रक्ताच्या बाटल्या बर्फात घालून दूरच्या प्रयोगशाळेत जात. तिथले लोक दोन्ही रक्तं तपासून सांगणार होते की पोलिओला अडवणारी ताकद अंगात आली की नाही.

भाड्याच्या दोन खोल्यांत आमचं केंद्र होतं. शेजारी सूत रंगवायचा कारखाना असल्यामुळे आमच्या गटारातून कधी लाल, कधी हिरवं पाणी वाहायचं. तिथे झाडलोट करायला रोजावर एक बाई येत असे. चाळिशीची, उंच, काळीसावळी, हातात चांदीचं जाड कडं. कामाव्यतिरिक्त ती बोलत नसे. महिनाभर मला तिचं नावही माहीत नव्हतं.

दुसऱ्या डोसाच्या दिवशी मी रजिस्टर उघडून बसलो होतो. सत्त्याऐंशी नंबरचं मूल आलं. सिद्धाराम मल्लप्पा, वय चौदा महिने. आईने नाव सांगितलं, मी खूण केली, बाईंनी ड्रॉपर उचलला. तेवढ्यात कोपऱ्यात ओल्या फडक्याने फरशी पुसणारी ती बाई उठून उभी राहिली.

"बाई, ह्ये ते न्हाय," ती म्हणाली.

"काय नाही?"

"मागल्या बारीला आल्यालं पोरगं दुसरं हुतं. त्येच्या डाव्या कानाची पाळी गालाला चिकटल्याली हुती. ह्येची मोकळी हाय."

मुलाची आई एकदम रडवेली झाली. मग तिने सांगितलं ते असं, की तिचा सिद्धाराम आजीबरोबर अक्कलकोटला गेला होता. नंबर वाया जाऊ नये म्हणून तिने जावेचा मुलगा आणला होता. त्याचंही नाव सिद्धारामच होतं, त्यामुळे खोटं बोलल्यासारखं तिला वाटलं नव्हतं. सोलापुरात सिद्धेश्वराच्या कृपेने घरटी एक सिद्धाराम. आमच्या रजिस्टरात तर सतरा होते.

गाजूलबाईंनी ड्रॉपर खाली ठेवला. एका मुलाचं रक्त पहिलं आणि दुसऱ्याचं शेवटी तपासलं गेलं असतं, तर त्या आकड्याला काही अर्थ राहिला नसता. त्यांनी त्या बाईला जवळ बोलावलं.

"नाव काय तुमचं?"

"गोजाबाई."

"महिन्यापूर्वी एकदाच पाहिलेल्या मुलाचा कान तुमच्या लक्षात राहिला?"

"मेंढरं राखल्यात की आमी," गोजाबाई म्हणाली. "दीडशे मेंढरं. समदी सारकीच दिसत्यात लोकास्नी. आमाला न्हाय दिसत."

"लिहिता-वाचता येतं?"

"न्हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मोत्यासारख्या अक्षरातल्या रजिस्टराकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बिराजदार, उद्यापासून फरशी पुसायला दुसरं कुणीतरी बघा."

गोजाबाई सांगोला तालुक्यातली. बाहत्तरच्या दुष्काळात तिच्या घरची मेंढरं काही मेली, काही मिळेल त्या भावाने गेली, आणि नवरा-बायको सोलापूरला आले. नवरा सिद्धाप्पा हातमागाच्या कारखान्यात कांड्या भरायचा, म्हणजे चरखा फिरवून सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायचा. बसून करायचं काम होतं आणि त्याला तेच जमण्यासारखं होतं, कारण त्याचा उजवा पाय मनगटाएवढा बारीक होता. दोन वर्षांचा असताना त्याला ताप आला. तीन दिवसांनी ताप उतरला, आणि चौथ्या दिवशी आईने त्याला उभं केलं तर पोर एका बाजूला कलंडलं. गावाने ते कुणाच्या तरी नजरेवर घातलं. सिद्धाप्पा काठीला जखडल्यासारखा वाढला, पण स्वभावाने मोठा गमत्या. मला पहिल्याच भेटीत म्हणाला, "साहेब, माझं एक पायताण दहा वर्सं टिकतंय. जोडीतलं दुसरंच झिजतंय."

त्याला मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं. मेंढपाळाच्या घरात न चालणारा जावई कुणाला हवा? गोजाबाईच्या बापानेही नकार दिला होता. पण सिद्धाप्पा विणायचा ती घोंगडी तिने पाहिली होती आणि त्याच्या गोष्टी ऐकून ती पोट धरून हसली होती. ती बापाला म्हणाली, "मेंढरामागं पळायला मी हाय की. त्यो बसल." आणि पुढे पंधरा वर्षं ती पळाली. दोघांना मूल झालं नाही.

आता गोजाबाई आमच्याबरोबर गल्ल्यांमधून फिरू लागली. कुटुंबं सारखी घर बदलायची. एका खोलीचं भाडं वाढलं की दुसऱ्या गल्लीत जायची. माझ्या रजिस्टरातला पत्ता महिन्याभरात शिळा व्हायचा. मी दारादारांवर विचारत फिरे आणि लोक मला वसुलीवाला समजून खरं सांगत नसत. गोजाबाई नळावर जाऊन उभी राही. पाणी भरणाऱ्या बायकांच्या कडेवरची मुलं न्याहाळी, आणि म्हणे, "ती बगा, एकशे बाराची भण. त्याच कपाळाची हाय. हिच्या मागं चला." आम्ही मागे गेलो की एकशे बारा नंबर उंबऱ्यात बसून भाकरी चोखत असे.

नंबर तिला येत होते, वाचता येत नसले तरी. एकदा ऐकलेला नंबर आणि एकदा पाहिलेला चेहरा तिच्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसत. पुढे पुढे तर मी रजिस्टर घरी विसरलो तरी काम अडत नसे. हे मी बाईंना कधी सांगितलं नाही.

यादीतल्या शेवटच्या काही मुलांचं पहिलं रक्त अजून घ्यायचं होतं. त्यांत सगळ्यात अवघड गेली ती सुंदरम्मा. ती विड्या वळायची. सुपात पानं आणि तंबाखू घेऊन दिवसभर ओट्यावर बसायची आणि बोलताना नजर वर न करता बोटं चालवायची. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला मुलगी झाली होती. तिच्या घरात कुणी सुई घेऊन आलेलं तिला खपणार नव्हतं.

"थेंब द्या पाहिजे तर," ती म्हणाली. "रक्त नाही देणार. एवढीशी पोर. तुमी रक्त नेऊन काय करता कोणाला माहीत."

मी माझ्या परीने विज्ञान समजावून सांगितलं. ती विड्या वळत राहिली. दुसऱ्या दिवशी गोजाबाई सिद्धाप्पाला घेऊन आली. त्याला ओट्यावर बसवलं आणि स्वतः सुंदरम्माच्या शेजारी बसून पानं कापू लागली.

सुंदरम्माने बऱ्याच वेळाने त्या पायाकडे पाहिलं. "दुखतं का दादा?"

"पाय न्हाय दुखत," सिद्धाप्पा म्हणाला. "जत्रंत समदी गजीला नाचायची, गोल करून, ढोलावर. मी ढोल वाजवायचो. लई चांगला वाजवतो मी. पर नाचनाऱ्यास्नी ठावं नसतं ढोलवाल्याला काय वाटतंय ते."

सुंदरम्माची बोटं थांबली. आत जाऊन तिने मुलीला उचलून आणलं आणि गोजाबाईच्या मांडीवर ठेवलं.

"अक्का, तू सांग. माझ्या पोरीचं असं नाही ना होणार?"

"तीन बार थेंब घ्यायचं," गोजाबाई म्हणाली. "मग पायाला भ्या न्हाय. माझा सबुद."

मी तिथेच उभा होतो. तिला असं वचन देता येणार नाही हे मला ठाऊक होतं. तीन पुरतात की नाही हेच तर आम्ही शोधत होतो. पण मुलगी मिळत होती, आणि मी गप्प राहिलो. तिचा नंबर दोनशे नऊ.

सत्त्याहत्तरच्या मार्चपर्यंत तिन्ही डोस झाले. दोनशे चौदापैकी एकशे अठ्ठ्याण्णव मुलं शेवटपर्यंत टिकली. ज्यांना अशा कामाची माहिती होती ते म्हणाले, एवढी टिकणं नवलच. उन्हाळा लागला होता. दुसऱ्यांदा रक्त घेतलं, बर्फाच्या पेट्या स्टेशनवर पोचवल्या, आणि आम्ही वाट बघत बसलो.

निकाल आला तेव्हा गाजूलबाईंनी कागदावरचे आकडे दोनदा मोजले. पोलिओचे तीन प्रकार असतात, आणि तिन्हींना अडवणारी ताकद आली तरच डोस पुरते लागू पडले असं म्हणायचं. एकशे अठ्ठ्याण्णवपैकी त्रेसष्ट मुलांच्या रक्तात एका तरी प्रकाराविरुद्ध काहीच तयार झालं नव्हतं. म्हणजे तिघांतल्या एकाला लस पुरली नव्हती.

हे आकडे वर गेले आणि पंधरा दिवसांत दिल्लीहून एक मोठे तज्ज्ञ आले. वयस्कर, सौम्य गृहस्थ. हिंदीत बोलायचे. त्यांचा लशीवर विश्वास होता आणि आमच्यावर नव्हता. रजिस्टर चाळून ते म्हणाले, "सतरा सिद्धाराम, अकरा नागम्मा. डॉक्टरसाहेबा, तुमची मुलं एकमेकांत मिसळली असणार. लस ठीक आहे, तुमच्या नोंदी ठीक नाहीत."

बाई म्हणाल्या, "तपासून घ्या."

त्यांनी स्वतः गल्ल्यांत फिरून चाळीस मुलं गोळा केली आणि केंद्रासमोरच्या मांडवात बसवली. आयांना बोलायची मनाई होती. मग गोजाबाईला बोलावलं. ती एकेका मुलापुढे उभी राहायची, वाकून बघायची आणि नंबर सांगायची. सिद्धारामच्या घोटाळ्यानंतर मी रजिस्टरात खुणा लिहायला लागलो होतो; टाचेवरच्या जुन्या व्रणापासून जन्मखुणेपर्यंत, जे लिहिलं होतं ते मी वाचायचो आणि तज्ज्ञ मुलाशी ताडून बघायचे. पहिली बारा बरोबर आली. तेराव्याला ती म्हणाली, "ह्ये आमचं न्हाय." तज्ज्ञांनी होकारार्थी मान हलवली. ते मूल त्यांनी मुद्दाम पलीकडच्या पेठेतून आणलं होतं. अशी सहा होती. सहाही तिने बाजूला काढली.

एका मुलापाशी मात्र ती अडली. नुकतंच जावळ काढलेलं, डोकं तुळतुळीत, तोंड गुळाने माखलेलं. तिने पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"ह्येला कुनी तरी हसवा," ती म्हणाली.

कुणी पुढे येईना. शेवटी ते दिल्लीचे तज्ज्ञ स्वतःच खाली बसले, चष्मा काढून उलटा घातला आणि गाल फुगवले. मूल खदखदून हसलं.

"छप्पन्न," गोजाबाई म्हणाली. "हसल्यावर एकच डोळा मिटतोय."

तज्ज्ञ उठले, धोतर झटकलं आणि बाईंना म्हणाले, "नोंदी ठीक आहेत. मग लशीचाच विचार करावा लागेल." जाण्याआधी त्यांनी गोजाबाईला नमस्कार केला. ती इतकी लाजली की तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

त्या संध्याकाळी बाईंनी आम्हाला बसवून सांगितलं की ज्यांना पुरेसा फायदा झाला नाही त्यांना, आणि खरं तर सगळ्यांनाच, आणखी दोन डोस द्यायचे. ते मंजूर झालं होतं. प्रश्न होता लोकांना काय सांगायचं हा. मी सुचवलं की "जादा डोस, जादा ताकद" अशी एक चिठ्ठी छापून वाटावी. तीन डोस कमी पडले हे कशाला बोलायचं? लोक भडकतील, पुन्हा दार उघडणार नाहीत.

गोजाबाई दाराशी उभी होती.

"चिठी नगं," ती म्हणाली. "मी सबुद दिलाय सुंदरम्माला. आनिक बऱ्याच जनींना दिलाय. तीन बार घेतलं की भ्या न्हाय म्हनून. ते खोटं निगालं. मीच जाऊन सांगनार."

बाईंना हे पहिल्यांदाच कळत होतं. त्यांचा चेहरा कठोर झाला. "असं वचन द्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुनी न्हाय."

"मग का दिलंत?"

"ती आशेनं बगत हुती, बाई."

मी तेव्हा सांगून टाकलं की मी ते ऐकलं होतं आणि गप्प राहिलो होतो. बाई म्हणाल्या, "उद्या तिघं मिळून जाऊ."

"न्हाय," गोजाबाई म्हणाली. "आदी मी एकली जाते. शिव्या खायाच्या त्या मी खाते. मग तुमी या."

तरीही मी तिच्या मागे गेलोच, आणि गल्लीच्या तोंडाशी थांबलो. सुंदरम्मा नेहमीसारखी ओट्यावर होती. गोजाबाई उभ्यानेच बोलली. दोनशे नऊ त्या त्रेसष्टांत होती, तेही तिने सांगितलं. सुंदरम्मा उठली. सूप पडलं, तंबाखू सांडली. तेलुगूत ती बराच वेळ मोठ्याने बोलत राहिली. शेजारच्या बायका बाहेर आल्या. गोजाबाईला एक अक्षर कळत नव्हतं, पण ती तिथून हलली नाही. सगळं संपल्यावर ती खाली बसली आणि सांडलेली तंबाखू सुपात भरू लागली.

सुंदरम्मा मराठीत म्हणाली, "तू आली नसतीस तर मला कळलं असतं का?"

"न्हाय."

"मग का आलीस?"

"पोरीचा पाय हाय," गोजाबाई म्हणाली. "माझं नाक ऱ्हायलं काय, गेलं काय."

"आता पाचाने नक्की होणार?"

"ठावं न्हाय. लई करून हुईल, असं बाई म्हनत्यात. पुन्यांदा रगात बगून सांगू."

सुंदरम्माने तिच्या हातातून सूप घेतलं. आत गेली आणि चहा टाकला. मी लांबूनच स्टोव्हचा आवाज ऐकला आणि केंद्रावर परतलो. दुसऱ्या दिवशी बाईंना घेऊन आम्ही गल्लीत शिरलो, तर सुंदरम्माने आसपासच्या अकरा मुलांना आधीच ओट्यावर ओळीने बसवलं होतं आणि त्यांच्या आयांना ती तेलुगूत काहीतरी दरडावून सांगत होती. बाईंना तेलुगू येत होतं. त्या हसू दाबत मला म्हणाल्या, "ती सांगतेय की ही माणसं चुकली तर येऊन सांगतात, तेव्हा यांचं ऐका."

एकशे अठ्ठ्याण्णवपैकी एकशे त्र्याण्णव मुलांना पाचही डोस मिळाले. राहिलेली पाच कुटुंबं गाव सोडून गेली होती. त्यातलं एक गोजाबाईने चिंचोळीपर्यंत चालत जाऊन शोधलं, पण त्या लोकांनी नाही म्हटलं. ते तिने फार मनाला लावून घेतलं.

नंतरच्या रक्तात नऊ सोडून सगळ्यांना तिन्ही प्रकारांविरुद्ध ताकद आलेली दिसली. दोनशे नऊचा निकाल चांगला होता. गोजाबाई तो सांगायला गेली ती दुपारी, आणि संध्याकाळी परतली तेव्हा तिच्या पदरात सुंदरम्माने बांधून दिलेल्या चिंचेच्या भाताचा डबा होता. तो आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला. सिद्धाप्पाला तो इतका आवडला की दुसऱ्याच दिवशी तो काठी टेकत सुंदरम्माकडे गेला आणि कृती विचारून आला.

पुढच्या पावसाळ्यात शहरात पोलिओ झालेली मुलं आढळू लागली. आमच्या यादीतलं त्यात कुणी नव्हतं. मी आनंदाने हे बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एवढ्या थोड्या मुलांवरून तसं म्हणता येत नाही, बिराजदार." पण त्या दिवशी त्यांनी चहाबरोबर बालुशाही मागवली.

एकोणऐंशी साली त्यांचा लेख छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत इंग्रजीत गोजाबाईचं नाव होतं. मी तिला ते बोटाने दाखवलं.

"ह्ये माजं नाव? एवढंच?"

"एवढंच."

"आन् त्या लेकरांची?"

"ती छापत नाहीत. मुलांची नावं गुप्त ठेवायची असतात."

तिला ते पटलं नाही. दोनशे चौदा जणांनी टाचा टोचून घेतल्या आणि नाव मात्र तिचं, हे काही बरोबर झालं नाही, असं ती म्हणाली. तिने मासिक माझ्या हातात परत दिलं आणि एक नंबरापासून सुरुवात करून, कुणाची मुलगी, कोणती गल्ली, हसतं कसं, रडतं कसं, असं एकेक नाव मोठ्याने घेऊ लागली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. एकोणचाळिसाव्यापर्यंत आम्ही दोघांनी ऐकलं, मग बाहेर जीप आली, मोडनिंब गावातल्या मुलांना डोस द्यायच्या नव्या कामासाठी ठरवलेली, आणि आम्ही निघालो. राहिलेली नावं तिने वाटेत घेतली.